चढणारे की उतरणारे

३ फेब्रुवारी

प्रिय ठके,

परवा तू फोन केलास तेव्हा मी "हो हो, छान छान" म्हणत राहिलो. ऐकू काही आलं नव्हतं. तुझी मामी मागून म्हणाली, "अहो, ती ताप किती आहे विचारत होती, आणि तुम्ही छान काय म्हणता?" तेव्हा यापुढे पत्रच. कागदावर माझे कान अजून शाबूत आहेत.

तर दादाचा ताप: सकाळी ९९.१, दुपारी ९९.४, आत्ता ९८.८. वेधशाळेत बत्तीस वर्षं रोज दोनदा पारा वाचला, आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करून किती ढगांनी झाकलेत ते लिहिलं. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. आता पोराच्या काखेतला पारा वाचतो. वही तसलीच आहे, निळ्या रेघांची.

डॉक्टरीणबाई म्हणतात, नव्या गोळ्यांनी रक्तातला कॅन्सर सध्या दबून आहे, हीच वेळ साधायची. दुसऱ्या कुणाची अस्थिमज्जा घालायची. जुळणारा दाता मिळाला आहे. कोण, कुठला, ते सांगत नाहीत. २१ मार्चची खाट ठरली आहे. ही वेळ गेली तर पुन्हा येईलच असं नाही, असंही त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी दोनदा म्हटलं. दादाने मान डोलावली, पण कशी, ते मी पाहिलं. त्याच्या शेजारच्या खाटेवरचा बस ड्रायव्हर याच उपचारासाठी काचेच्या खोलीत गेला आणि बाहेर आला नाही. दादा म्हणतो, "बाबा, लिफ्टमध्ये माणूस अडकला तर मी जाऊन दार उघडतो. मी अडकलो तर कोण येणार?" लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचे विनोद हे असले.

डिसेंबरात त्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली, तेव्हा त्यातली थोडी संशोधनाला द्यायला त्याने सही केली. "घ्या की, माझ्याकडे तरी ती कुठे नीट चालतेय," म्हणाला. कागदावर तुझ्याच संस्थेचा शिक्का होता. म्हणून विचारतो, तू तिथे नक्की करतेस काय? तुझी आई सांगते, "कॉम्प्युटरवर रंगीत ठिपके काढते."

आम्हाला तिसरीच्या पुस्तकात बियाण्याची कविता होती. सगळ्या बियांना माती एक, पाणी एक, मग एकीचं फूल आणि एकीचं झाड कसं होतं, असं त्यात विचारलं होतं. मास्तर चालीवर म्हणायचे आणि उगवण्याच्या कडव्याला अख्खा वर्ग बाकांवरून उठून उभा राहायचा. तू तसलंच काही शोधतेस का?

तुझा मामा

१२ फेब्रुवारी

मामा,

आईचं वर्णन अगदी बरोबर आहे. पगार ठिपक्यांचाच मिळतो. आणि तुमच्या कवीने विचारलं तेच आम्ही विचारतो, फक्त चाल लावत नाही.

एक ठिपका म्हणजे एक पेशी. शरीरातल्या सगळ्या पेशींकडे जनुकांचं पुस्तक एकच असतं, पण प्रत्येक पेशी त्यातली वेगळी पानं उघडून बसते. मज्जेतल्या बाळपेशी हळूहळू मोठ्या होतात, कुणी लाल होते, कुणी पांढरी. दादाच्या आजारात त्या मोठ्या व्हायच्याच थांबतात, नुसती पोरंच पोरं वाढत जातात. आम्ही एकेक पेशी वेगळी धरतो, फोडतो आणि त्या क्षणी तिची कुठली पानं उघडी होती ते मोजतो. पेशी तिथेच मरते. म्हणजे ती पुढे काय झाली असती, हे पाहता येत नाही.

मग युक्ती करायची. समजा, गर्दीच्या जिन्याचा एकच फोटो तुमच्या हातात आहे. कुणीही हलताना दिसत नाही, पण प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी आहे. नऊ हजार पेशी घेतल्या की त्यांत सगळ्या वयाच्या सापडतात. प्रोग्रॅम प्रत्येकीला तिच्यासारख्या दिसणारीच्या शेजारी उभं करतो. रांग लागते, तिला फाटे फुटतात, त्यावर आम्ही बाण काढतो: इथून निघाल्या, इकडे चालल्या.

आता पुढचं वाचून हे पत्र फाडा. आमच्याकडे नमुन्यांवर नाव नसतं, नुसता आकडा. पण वय, तारीख आणि मामीने मागे फोनवर सांगितलेला दादाच्या जनुकातला तो दुर्मीळ बिघाड, तिन्ही एकाच आकड्याला जुळले. मला कळायला नको होतं. कळल्यावर मी कॉम्प्युटरचा पडदा बंद करायला हवा होता. केला नाही.

मामा, बाण चांगला आहे. बाळपेशींच्या टोकाकडून निघतो आणि मोठ्या पेशींकडे जातो. गोळ्या त्यांना मोठं करतायत असं दिसतं.

कुणालाही सांगू नका, माझी नोकरी जाईल. आणि हा उपचाराचा सल्ला नाही, आम्ही अजून शिकतोय. डॉक्टरीणबाई सांगतील तेच करा. तुम्हाला जरा हायसं वाटावं म्हणून लिहिलं, एवढंच.

ठकी

२४ फेब्रुवारी

ठके, बाळा,

तुझं पत्र फाडायला माझा हात धजला नाही. "बाण चांगला आहे" ही ओळ मी इतक्या वेळा वाचली की ती आता पाठ झाली आहे, शाळेत व्हायची तशी, अर्थाआधी चाल लक्षात राहते तशी.

कुणाला सांगू नको म्हणालीस. सांगितलं नाही. फक्त दादाला वाचून दाखवलं. मामी दारात उभी होती, पण ती काही 'कुणाला'मध्ये मोडत नाही.

ठके, त्याच्या चेहऱ्यावरचे आठही भाग मोकळे झाले! दुसऱ्या दिवशी आपणहून खाली गेला, इमारतीच्या लिफ्टचं दार सहा महिने कुरकुरत होतं ते बसवून आला. पहारेकरी म्हणाला, "साहेब, आजारी कोण, तुम्ही की लिफ्ट?" जेवतो नीट. मामीला म्हणतो, "आई, आमटीत मीठ आहे का आज, की तेही डॉक्टरने बंद केलंय?" आणि ती हसते. मी तिला नोव्हेंबरपासून हसताना पाहिलं नव्हतं.

त्याने तुझी एक खोडी काढली आहे. म्हणाला, "तिला विचारा, फोटो बघून माणसं चढतायत की उतरतायत हे कसं ओळखलं? माणसाचं तोंड तरी दिसतं. ठिपक्याला तोंड कुठे असतं?" मग स्वतःचीच गोष्ट सांगितली. नोकरीला लागला तेव्हा एका दहा मजली इमारतीत त्याने लिफ्टच्या बाणाच्या वायरी उलट जोडल्या होत्या. दोन दिवस लोक वर जायचं म्हणून आत शिरायचे आणि तळघरात उतरायचे. "बाण मात्र काय झकास पेटायचा, बाबा!"

आम्ही तिघंही पोट धरधरून हसलो.

मज्जेची तारीख पुढे गेली आहे, जूनमध्ये. तेवढाच त्याला दम मिळेल.

मामा

२ मार्च

मामा,

तारीख पुढे का गेली? कुणी नेली? माझ्या पत्रावरून नेली का? खरं सांगा. माझ्या पत्रावरून नेली असेल तर उद्याच्या उद्या परत आणा. बाण म्हणजे निदान नव्हे.

आणि दादाने विचारलं ते मी तपासतेय. तो थट्टेत म्हणाला असेल. मला मात्र तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

ठकी

९ मार्च

प्रिय ठके,

तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. लहानपणीही तशीच होतीस, वर्गात दुसऱ्याचा पेला फुटला तरी रडायचीस. तारीख हॉस्पिटलनेच पुढे नेली. खाटा कमी आहेत म्हणाले. तुझ्या पत्राचा काडीचा संबंध नाही.

ताप ९८.६. तीन दिवस सलग.

मामा

२३ मार्च

मामा,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नका. बसा.

बाण उलटा आहे.

प्रोग्रॅमला रांग लावता येते, पण रांगेचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे त्याला कळत नाही. "ही पहिली पेशी" म्हणून बोट आपण ठेवायचं असतं. मी बाळपेशींच्या टोकावर ठेवलं. सगळे तिथेच ठेवतात, कारण पेशी लहानाच्या मोठ्या होतात, हे इतकं धरून चाललेलं असतं की कुणी विचारत नाही. दादाने विचारलं.

तोंड ओळखायची एक खूण असते. पेशी एखादं पान नुकतं उतरवायला घेते तेव्हा त्याची कच्ची नक्कल तिच्यात सापडते. पुढे ती छाटून पक्की होते. कच्च्या जास्त असतील तर ते काम आता सुरू होतंय, पक्क्याच उरल्या असतील तर ते संपत आलंय. दादाच्या मोठ्या झालेल्या पेशींत मोठेपणाच्या सगळ्या नकला पक्क्या आहेत, जुन्या. आणि बाळपणाच्या कच्च्या आहेत, ढीगभर. त्या मोठ्या होत नाहीयेत, मामा. झालेल्या होत्या, त्या परत लहान होतायत. डिसेंबरातच सुरुवात झाली होती. रक्ताच्या तपासणीत ते उशिरा दिसेल.

मी तीन वेगळ्या रीतींनी करून पाहिलं. त्यातच दोन आठवडे गेले. चूक निघावी म्हणून करत होते.

काल फोन केला. दादाने उचलला. "काय गं ठके, बाण कसा आहे?" म्हणाला. तोंडात काहीतरी चघळत होता, मागे मामी भांडी लावत होती. मी म्हणाले, "ठीक." मामा, माझ्या तोंडून तेवढंच निघालं. मग त्याने लिफ्टवाल्या पहारेकऱ्याची नक्कल केली आणि मी हसलेसुद्धा.

म्हणून तुम्हाला लिहितेय. पत्र हातात पडताच डॉक्टरीणबाईंकडे जा. मज्जा पुन्हा तपासायला सांगा, खाट परत मागा, पाया पडा. माझं नाव सांगायचं तर खुशाल सांगा. नोकरीचं बघू नका.

ठकी

२० एप्रिल

ठके,

तुझी मधली दोन्ही पत्रं मिळाली. तू फोनही केलेस. मामीला मी सांगितलं होतं, मला ऐकू येत नाही म्हणून सांग.

आता सरळ लिहितो. ९ मार्चला मी तुला खोटं लिहिलं. तारीख दादानेच पुढे नेली, तुझं पत्र ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी. डॉक्टरीणबाई नको नको म्हणत होत्या. मी शेजारी बसलो होतो. एक शब्द बोललो नाही, कारण मलाही तेच हवं होतं.

तुझं बाणाचं पत्र २६ मार्चला आलं. बसून वाचलं, तू म्हणालीस तसं. उठलो तेव्हा दादा आरशासमोर उभा राहून दाढी करत होता आणि शीळ घालत होता. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी त्याचा मित्र आला, दोघं पत्ते खेळत बसले. म्हटलं, खेळ मोडायला नको. तिसऱ्या दिवशी त्याने दोनदा वाढून घेतलं. असे नऊ दिवस. वहीत त्या नऊ दिवसांचा ताप आहे, वजन आहे, किती भाकरी खाल्ल्या तेही आहे. बत्तीस वर्षांत मी एकही नोंद चुकवली नव्हती, आणि जे लिहायचं होतं तेवढंच त्या वहीत नाही.

मी जन्मभर मागे वळणाऱ्या कवितांवर जीव टाकला. जुनी शाळा, जुना रस्ता, पुन्हा लहान व्हायला मिळालं तर काय काय करीन! आता माझ्या मुलाच्या रक्तात तेच चाललंय.

४ एप्रिलला त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं. तेव्हा सांगितलं. तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने पूर्ण वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "म्हणजे वायरी उलट." मग जरा वेळाने, "तिला म्हणावं, मलाही दोन दिवस लागले होते शोधायला. आणि माझ्याकडे तर फक्त दहा मजले होते." पत्रावरची तारीख त्याने पाहिली असणार. मला काही विचारलं नाही.

५ एप्रिलला मज्जा पुन्हा काढली. शंभरातल्या चाळीस पेशी वाईट. आता दुसऱ्याची मज्जा घालता येत नाही, आधी जबर औषधांनी या चाळीस खाली आणायच्या. दात्याला त्यांनी सध्या नको म्हणून कळवलं आहे. "दहा दिवस आधी आलो असतो तर?" हा प्रश्न मी डॉक्टरीणबाईंना विचारला नाही. विचारला असता तर त्यांनी उत्तर दिलं असतं.

मामीला हे नऊ दिवस ठाऊक नाहीत.

मामा

२६ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र वाचून मला तुमचा राग आला. दोन दिवस खूप आला. मग माझा "ठीक" आठवला आणि राग कुठे ठेवावा कळेना.

मी सरांना सगळं सांगितलं. नमुना ओळखला, घरी कळवलं, चुकीचं कळवलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. म्हणाले, "बोट तू ठेवलंस, पण मी असतो तरी तिथेच ठेवलं असतं. दुसरी गोष्ट मात्र तुझी एकटीची." समिती बसली आहे. तोपर्यंत माझं कार्ड बंद. काल डबा आणि बूट घ्यायला गेले तर दारावरच्या माणसाने सोबत एक जण दिला, मी काही चोरीन म्हणून.

दादाचा नमुना अभ्यासात ठेवायचा की काढून टाकायचा, हे विचारणारा कागद दादाच्या नावे घरी येईल. काढायचा म्हणालात तर ते नऊ हजार ठिपके पुसून टाकतील. मला बरंच वाटेल.

मी येऊ का? नको म्हणालात तरी येणार आहे, पण विचारते.

ठकी

३० मे

प्रिय ठके,

तू आलीस ते बरं केलंस. काचेपलीकडून का होईना, त्याने तुला पाहिलं. मला म्हणाला, "वाळलीय किती, तिला जेवायला घाला." नंतरचे बारा दिवस तुला कळले आहेत. १७ मेला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी संपलं. ताप १०४.२. ती शेवटची नोंद. तुझ्या आईने फोनवर सांगितलं असेलच, पण माझ्या हाताने लिहायचं राहिलं होतं.

तेरा दिवस लेखणी धरली नाही. कविताही आठवेनात. एक ओळ सुरू करतो आणि पुढचा शब्द तिथे नसतो.

कागद आला. सोबत तुझ्या सरांचं पत्र होतं, समजेल अशा भाषेत लिहिलेलं. दादाच्या नमुन्यावरून त्यांनी बाकीचे अकरा रुग्ण पुन्हा तपासले, त्यांतल्या दोघांचे बाण तसेच उलटे निघाले. ते दोघं जिवंत आहेत. त्यांच्या डॉक्टरांना कळवायचं की नाही, यावर समिती विचार करते आहे, कारण हे संशोधन आहे, निदान नव्हे, आणि आधीच एकदा नियम मोडला गेला आहे. म्हणजे तू मोडलास तो.

त्याच्या जागी मी सही केली. नमुना राहू दे. आणि खाली, जिथे लिहायला जागा नव्हती तिथे लिहिलं: विचार जरूर करा, पण नऊ दिवस लावू नका. त्यांना अर्थ कळणार नाही. तुला कळेल. तुझं कार्ड बंद असलं तरी दारात उभी राहा आणि त्यांना विचारत राहा.

तुझ्या चुकीबद्दल मी तुला माफ वगैरे करत नाही. तो मोठेपणा माझ्यापाशी नाही आणि तुला तो पुरणारही नाही. तू चूक कळल्यावर पत्र टाकलंस. मी ते उशीखाली ठेवून झोपत होतो.

मामी रोज म्हणते, "ठकीला लिहा, तिचा दोष नाही." मी मान डोलावतो. हे असं चालायचं नाही. हे पत्र मी तिला आता वाचून दाखवणार आहे, सगळं. मग ती काय म्हणेल ते म्हणेल, आणि मगच पाकीट बंद करीन.

मामा

ठके,

यांनी वाचून दाखवलं. वाचताना दोनदा थांबले, पाणी दिलं.

तुझं पत्र मी २७ मार्चलाच वाचलं होतं. अंथरूण झटकताना उशीखाली सापडलं. होतं तसं परत ठेवलं. वाटलं, हे सांगतील. मग वाटलं, उद्या मी सांगेन. तो त्या आठवड्यात पोटभर जेवत होता गं.

मामी